ग्लॉकच हवं का? ३०० डॉलरचं पिस्तूल घेतलं तर चालेल?

ओहायोतला चिपळूणकर

मंडळी, प्रश्न सरळ आहे. पण इथल्या नेमबाजीच्या रेंजवर विचारला की लोक हमरीतुमरीवर येतात, म्हणून आपल्या माणसांत विचारतो.

मी कोलंबसजवळ राहतो. मार्चमध्ये ग्रीन कार्ड आलं. तोवर या भानगडीत पडलोच नव्हतो, कारण एच-वन-बी व्हिसावर असताना शिकारीचा परवाना वगैरे अपवादात बसत नसाल तर पिस्तूल बाळगणं हा थेट केंद्रीय गुन्हा आहे. (इथले किती जण हे माहीत नसताना मित्रांबरोबर 'जस्ट ट्राय' करायला रेंजवर जातात देव जाणे. जाऊ नका.)

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतली दोन गॅरेजं फुटली. बायको रात्रपाळीला जाते, घरी मी आणि नऊ वर्षांचा मुलगा. बायकोची अट एकच: आधी कुलपाची पेटी घरात येईल, मग पिस्तूल. पेटीचे दीडशे डॉलर गेले. पिस्तुलाला उरले तीनशे.

रेंजवर दोन पिस्तुलं भाड्यानं घेऊन पाहिली. एक ब्राझीलच्या टॉरस कंपनीचं जी-३-सी, दुकानात अडीचशे-तीनशेच्या आसपास. दुसरं ग्लॉक १९, साडेपाचशेच्या पुढे. दोन्हीतून पन्नास-पन्नास गोळ्या मारल्या. दोन्ही वेळा कागदाची सारखीच दुर्दशा झाली, म्हणजे दोष हत्याराचा नाही. अडकलं कुठलंच नाही.

तरी काउंटरवर "टॉरस घेऊ का?" म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा असा झाला, जणू मी चातुर्मासात त्याच्याकडे कांदाभजी मागितली. शेजारच्या लेनमधल्या म्हाताऱ्यानं तर कानावरचे मफ काढून ऐकवलं, "तुझ्या जिवाची किंमत तीनशे डॉलर आहे का?"

आता यावर काय बोलणार. आमच्या बाबांकडे शेतीच्या राखणीची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की पोलीस चौकीत जमा करायची, निकाल लागला की आणायची. तिची कंपनी कुठली हा प्रश्न चाळीस वर्षांत कुणाला पडला नाही. रानडुकरांना तर नाहीच.

वापरणाऱ्यांनी सांगा: स्वस्तातलं पुरतं का? की लोक स्वतःच्या बिलाचं समर्थन करतायत?

टेक्सासचा पैलवान

माझ्याकडे पाच आहेत. पाचही ग्लॉक. विषय संपला.

बरं, कारण सांगतो. ज्या माणसानं ते बनवलं त्यानं आयुष्यात आधी पिस्तूल बनवलं नव्हतं. गॅस्टन ग्लॉक पडद्याचे दांडे आणि सुऱ्या करायचा. ऑस्ट्रियाच्या लष्कराला नवीन पिस्तूल हवं होतं, यानं प्लास्टिकच्या सांगाड्याचं करून दिलं आणि १९८२ मध्ये ते लष्करात गेलंसुद्धा. सुटे भाग मोजके, त्यामुळे बिघडायला जागा कमी. माझं सर्वात जुनं ग्लॉक मी स्वच्छ करतो दिवाळीच्या दिवाळीला. तेही आठवण राहिली तर.

शिवाय होल्स्टर (कमरेची म्यान), मॅगझीन (गोळ्यांचा खण), साइट (नेमाची माशी), जे हवं ते कुठल्याही गावात मिळतं. स्वस्त पिस्तूल घे, मग त्याचं होल्स्टर शोधत फिर. आमच्या गावाकडे विहिरीवर किर्लोस्करचाच पंप बसायचा. दुसरा कुणी बसवला की लोक म्हणायचे, याला मोटर काढायची हौस आहे. तसंच हे. अडीचशे डॉलर वाचवून काय करणार आहेस भावा?

ओहायोतला चिपळूणकर

पैलवान दादा, अडीचशे डॉलरच्या गोळ्या घेईन. पन्नासची पेटी चौदाला मिळते, म्हणजे जवळजवळ नऊशे गोळ्या. तुम्ही वर्षाला किती मारता?

टेक्सासचा पैलवान

वेळ कुठे मिळतो रे. दोनेकशे.

सातारची नेमबाज

पैलवानांनी खरं सांगितलं, हे आवडलं. पाच पिस्तुलांत दोनशे, म्हणजे माथी चाळीस.

मी नॉर्थ कॅरोलायनात रविवारी मॅच खेळते, सात-आठ वर्षं झाली. त्यामुळे दुसऱ्यांची पिस्तुलं कशी वागतात ते पुष्कळ बघायला मिळतं. सगळीच बघितलीत, महागडी रुसतात आणि स्वस्तातली मुकाट्यानं चालतात. उलटंही बघितलंय. माझंच एक महागडं (नाव घेत नाही, मोर्चा येईल) पहिल्या मॅचला तिसऱ्या गोळीला अडकलं. रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागात) धुराड्यासारखी उभी. टाळी मारून काढेपर्यंत नऊ सेकंद गेले. कंपनीला शिव्या देत घरी आले. पुढच्या आठवड्यात प्रशिक्षकांनी माझा हात बघितला तर मनगट ढिलं. सांगाडा मागे हलला की स्लाइडला पुरता धक्का मिळत नाही, मग पुंगळी बाहेर फेकली जात नाही. दोष माझ्या मनगटाचा, आणि शिव्या खाल्ल्या कंपनीनं.

आता टॉरसचं. लोक नाक मुरडतात ते उगीच नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत त्यांना सामूहिक दाव्यात तडजोड करावी लागली. जुनी नऊ मॉडेलं, जवळपास दहा लाख पिस्तुलं. आरोप असा होता की खाली पडलं तर गोळी सुटू शकते. त्यात पीटी-१११ मिलेनियम, पीटी-२४/७ वगैरे होती. जी-३-सी खूप नंतरचं, २०२० चं. त्यामुळे नव्याबद्दल भिऊ नका, पण कुणी गॅरेज सेलमध्ये किंवा ओळखीत "जुनं टॉरस आहे, दीडशेत घेऊन टाक" म्हणालं तर आधी मॉडेल बघा.

पण मग हाच नियम सगळ्यांना लावा ना. सिग कंपनीचं पी-३२० घ्या. २०१७ च्या जानेवारीत त्याच घराण्यातलं पिस्तूल अमेरिकन लष्करानं निवडलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागरी पी-३२० साठी कंपनीला फुकट सुधारणा योजना काढावी लागली. कारण तेच, विशिष्ट कोनात पडलं तर सुटायचं. ते काही तीनशेचं पिस्तूल नव्हतं. ग्लॉकनंसुद्धा २०११ मध्ये चौथ्या पिढीच्या पिस्तुलांच्या रिकॉइल स्प्रिंगा (धक्का झेलणाऱ्या) बदलून दिल्या. पैलवान, तुमच्या पाचातलं चौथ्या पिढीचं असेल तर बघून घ्या. दिवाळीची वाट बघू नका.

आणि वंशशुद्धीचं म्हणाल तर सगळा गोतावळा एकच. इटलीच्या बेरेटा कंपनीनं ब्राझीलमध्ये लष्करासाठी कारखाना काढला, तो १९८० मध्ये टॉरसनं यंत्रांसकट विकत घेतला. त्यातून टॉरसचं पीटी-९२ आलं. त्याच्या आधी, सत्तरच्या दशकात, टॉरस आणि अमेरिकेची स्मिथ अँड वेसन एकाच मालकाच्या घरी नांदत होत्या. स्मिथनं नव्वदच्या दशकात ग्लॉकसारखं पिस्तूल काढलं तेव्हा ग्लॉकनं कोर्टात खेचलं. आणि आता ग्लॉकच्या तिसऱ्या पिढीचं पेटंट संपल्यावर तीनशेच्या आसपास त्याच्या प्रतिकृती मिळतात, तुमच्या बजेटात. त्यात ग्लॉकचं मॅगझीन बसतं, ग्लॉकचं होल्स्टरही बहुतेक वेळा चालतं. पैलवानांचा होल्स्टरचा मुद्दा तिथेच निम्मा गेला.

चिपळूणकर, एक गोष्ट मात्र हातात घेऊन बघा. जी-३-सीला अंगठ्यानं लावायचा सेफ्टीचा खटका आहे, ग्लॉकला बाहेर तसा खटका नाही, चापातच आहे. घरात मूल आहे म्हणून खटका हवा असं तुम्हाला वाटेल. घ्या, पण मग तो रोज लावायची आणि काढायची सवय करा. मध्यरात्री खटका शोधत बसणं वाईट. आणि मुलासाठी खटका म्हणजे कुलूप नव्हे. कुलूप ते तुमच्या बायकोनं आणलं तेच.

खडकीकर आजोबा

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीच्या कामावर होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी मुलीकडे क्लीव्हलंडला सहा महिने होतो. जावई हौशी, रेंजवर घेऊन गेले. व्हिजिटर व्हिसावर असल्यामुळे मी हातात काही धरलं नाही, काचेमागे खुर्ची टाकून बघत बसलो. नोकरीभर बघतच आलो होतो, त्यामुळे वाईट वाटलं नाही.

एक गोष्ट लक्षात आली. सगळे पिस्तुलाच्या नावावर बोलत होते, गोळीच्या पेटीवर कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडे भाषाच लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाची. लॉटमधून नमुने काढायचे, उडवायचे, लिहायचं. चांगलं-वाईट हे लॉटचं ठरतं, कारखान्याच्या पाटीचं नाही. महाग कंपनी काय करते, तर दोन नगांमधला फरक कमी ठेवते. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते त्याचे. स्वस्तातले दहा नग घेतले तर नऊ उत्तम निघतील, पण तुमच्या वाट्याला कुठला आला हे शोधायचं काम तुमच्यावर पडतं. ते काम करायची तयारी असेल तर स्वस्त घ्यावं. नसेल तर पैलवान म्हणतात तसं करावं, त्यात लाज नाही.

जावयांच्या मित्राकडे तुमच्या ओहायोतलंच, मॅन्सफील्डचं हाय-पॉइंट होतं. सगळे हसत होते. सव्वाआठशे ग्रॅम वजन आणि आठ गोळ्या. मी मात्र त्याच्याकडे कौतुकानं बघत होतो. ते जड का, हे कुणी विचारलं नाही. बाकीच्या बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटताना बॅरल (नळी) आणि स्लाइड एकमेकांत अडकलेले असतात. दाब उतरला की बॅरल तिरकं होतं आणि सुटतं. बंदुका रचणाऱ्या ब्राउनिंगसाहेबांची युक्ती. हाय-पॉइंटमध्ये ते काही नाही. नुसतं स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग धक्का थोपवतात, म्हणून स्लाइड उखळीसारखी. तीही जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. यंत्रावरचं काम वाचलं म्हणून किंमत उतरली. दिसायला कुरूप, पण हिशेब चोख आहे. आणि काही झालं तर कंपनी आयुष्यभर दुरुस्त करून देते, मालक कितवाही असो. तुम्ही तेच घ्या असं नाही म्हणत. स्वस्त करताना नेमकं काय काढून टाकलंय ते विचारा, एवढंच. जस्त चालतं. घाईघाईत तपासून पाठवलेलं नाही चालत.

आता करायचं काय. मॅगझीनवर नंबर घाला. अर्धस्वयंचलित पिस्तुलात अडकण्याचं मूळ पुष्कळदा मॅगझीनमध्ये असतं, त्याची स्प्रिंग किंवा वरची ओठं. नंबर नसला की दोष कधीच सापडत नाही, आणि माणूस सगळं पिस्तूल बदलतो. वहीत लिहा: कितवी गोळी, कुठलं मॅगझीन, काय झालं. घरात जी गोळी भरून ठेवणार, ती महाग पोकळ नाकाची गोळीसुद्धा निदान पन्नास-शंभर उडवून बघा. साध्या गोल नाकाची सुरळीत जाते म्हणून ती जाईलच असं नाही.

टेक्सासचा पैलवान

काका, मान्य. तरी मी ग्लॉकच घेईन.

खडकीकर आजोबा

घ्या की. मी अजून एचएमटीच वापरतो. रोज चावी देतो, दोन मिनिटं मागे पडतं.

ओहायोतला चिपळूणकर

सात आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल माफी.

घेतलं. नाव सांगत नाही, सांगितलं की पैलवान दादा आणि ताई पुन्हा सुरू होतील. तीनशेच्या आत आलं एवढं सांगतो. उरलेल्या पैशांत आठ तासांचा वर्ग केला. ओहायोत २०२२ पासून लपवून बाळगायला परवाना लागत नाही, पण परवान्यासाठी जो वर्ग असतो तोच केला. शिकवणाऱ्यानं पहिला तासभर पिस्तूल उघडूच दिलं नाही, मला ते आवडलं.

वही ठेवली, काका. मुलाच्या जुन्या गणिताच्या वहीत मागच्या पानांवर. आजवर ४१२ गोळ्या. अडकलं दोनदा, ८७ व्या आणि २०३ व्या गोळीला. दोन्ही वेळा गोळी तिरकी होऊन तोंडाशी थांबली. दोन्ही वेळा मॅगझीन नंबर तीन. नंबर घालायला बायकोची लाल नेलपॉलिश वापरली. तिनं विचारलं, "ही कुठली पूजा?"

तीन नंबर आता फक्त सरावाला. कंपनीला ईमेल केलाय, बदलून देतो म्हणालेत, अजून आलेलं नाही. एक आणि दोन नंबरमधून पोकळ नाकाच्या साठ गोळ्या गेल्या, खळ नाही. वीसच्या पेटीला बावीस डॉलर पडतात, त्या साठ उडवताना हात थरथरला तो धक्क्यानं नव्हे.

ताई, मनगटाचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. नाहीतर तीन नंबरचा दोषही मी स्वतःच्याच माथी मारून घेतला असता.

त्या शेजारच्या लेनमधल्या म्हाताऱ्याची परवा पुन्हा गाठ पडली. त्याचं अडकलं होतं. मी काही बोललो नाही. नेलपॉलिशची बाटली खिशात होती, तेवढी पुढे केली.