मदत हवी आहे : बाळ दूध ओढत नाही, ताप नाही

सायली_म : सकाळपासून बाळ नीट पीत नाहीये. छातीशी धरलं की दोन घोट घेतं आणि झोपतं. ताप अजिबात नाही. मी माहेरी आहे, रविवार म्हणून दवाखाना बंद. जावेच्या मुलाचं अँटिबायोटिक सिरप घरात आहे, किती मिली देऊ? लवकर सांगा.

रानपाखरू : वय? वजन? शू केव्हा केली?

गोदाकाठचे_नाना : गॅस धरला असेल. बेंबीभोवती हिंग लावा. आमची तिन्ही मुलं यावरच वाढली.

सायली_म : हिंग लावून झालं काका. डोस सांगा ना कुणीतरी.

निवृत्त_सिस्टर : डोस कुणीही सांगू नका. सायली, बाळ किती दिवसांचं? थर्मामीटर लावलास की नुसता हात?

सायली_म : बारा दिवसांचा. जन्मतः २.१ किलो. काखेत लावला, ९५.४. म्हणजे ताप नाहीच ना?

निवृत्त_सिस्टर : आत्ता निघ. इतक्या लहान बाळाचं अंग ९५.९ च्या खाली जाणं तापाइतकंच धोक्याचं, त्यात पीत नाही. हा सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, असू शकतो. १०८ लाव, जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) ने. बाळाला टोपी घाल, तुझ्या उघड्या छातीशी धर, वरून शाल. वाटेत श्वास पूर्ण एक मिनिट मोज. ६० किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर पोचताक्षणी सांग. गिळत नसेल तर तोंडात काही घालू नको.

तर्कशुद्ध : उगाच घाबरवताय. आधी सीआरपी (संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) करा, नॉर्मल आला तर घरी. अँटिबायोटिकचा किती मारा चाललाय!

निवृत्त_सिस्टर : सीआरपी वाढायला बारा-बारा तास लागतात, सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो. कल्चरला, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायला, दोन दिवस. म्हणून रक्त घेतलं की लगेच अँटिबायोटिकचा पहिला डोस देतात. कल्चरमध्ये काही निघालं नाही आणि बाळ ठीक असलं, तर औषध बंदही करतात.

वैनगंगा : गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना शिकवून घरीच उपचार करवले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. मग सिरप का नको?

रानपाखरू : त्या बायका बाळाचं वजन करून जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायच्या, प्रशिक्षण घेऊन. जावेच्या घरची उरलेली बाटली नव्हे.

गोदाकाठचे_नाना : बरं, डिजिटल थर्मामीटर कुठला चांगला?

सायली_म : पोचलो. रक्त कल्चरला गेलं, सलाइन आणि इंजेक्शनं सुरू. साखर कमी निघाली. दहा दिवस लागतील म्हणाले. सासरे म्हणतात खासगीत हलवा. हलवू?

निवृत्त_सिस्टर : सासऱ्यांना घेऊन तिथल्या डॉक्टरांशी बोल. साखर, तापमान, श्वास सावरण्याआधी हलवणंच धोक्याचं. सरकारीत वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार आणि गाडी मोफत आहे, पैसे मागितले तर देऊ नका. तू दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहा, नळीने देतील.