माळकरी वडिलांसाठी कमी कर्बोदकांचा आहार कसा बसवावा? एकादशी आणि वारीसह मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी,

माझे वडील (आम्ही आप्पा म्हणतो) ६३ वर्षांचे आहेत, खटाव तालुक्यात शेती करतात. टाइप २ डायबेटिसला बरीच वर्षं झाली. नुकतीच केलेली एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.९ आली. वजन ६६ किलो. अंगकाठी बारीक, पण पोट सुटलंय. पुण्यात केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आपल्या लोकांबद्दल हेच दाखवून दिलंय: हातपाय काटकुळे, चरबी सगळी पोटात, आणि वजन बेताचं असूनही साखर वाढलेली. आप्पांकडे बघून ते तंतोतंत पटतं. गोळ्या म्हणजे मेटफॉर्मिन दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड. मूत्रपिंडाच्या तपासण्या, म्हणजे क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, दोन्ही ठीक आहे.

कर्बोदकं कमी करायची हे घरात सगळ्यांना पटलंय. पण जो तक्ता हातात येतो तो सकाळी दोन अंडी, दुपारी चिकन असाच सुरू होतो. आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. अंड्याचा विषयच नाही, आणि मला तो काढायचाही नाही. माळ सांभाळून काय करता येईल एवढंच विचारतेय.

गेल्या खेपेला गावी गेले तेव्हा आईच्या भाकरीचं पीठ काट्यावर घातलं. एका भाकरीला ९० ग्रॅम! ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदकं ६८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका भाकरीत ६० ग्रॅम. आप्पा दुपारी दोन खातात, रात्री दोन, वर आमटी-भात. "गहू सोडा, ज्वारी धरा, शुगर उतरते" असं गावात जो तो सांगतो. ज्वारी चांगलीच आहे, चोथाही भरपूर. पण एवढ्या मापाने खाल्ली तर साखर चढणारच. दोन भाकरी, आमटी आणि भात जेवल्यावर दोन तासांनी मीटरवर २६१ आली. दुसऱ्या दिवशी एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, वांग्याची भाजी आणि ताक दिलं, भात नाही. आली १७८. हा फरक बघून आप्पा स्वतःच हरखले.

आणि तिथेच घोळ झाला. मी परत आल्यावर त्यांनी सकाळची न्याहारीच बंद केली, गोळी मात्र नेहमीचीच. कांदाकाढणी चालू होती. अकराच्या सुमाराला दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. आईने मीटर लावलं तर ५८. तिने तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा ९४. त्या दिवसापासून आई भाकरी कमी करायचं नाव काढू देत नाही. तिचंही बरोबरच आहे, शिवारात एकटे असते तर?

तर अंड्याशिवाय प्रथिनं कशी भरून काढायची? एकादशीला काय द्यायचं? घरी साबुदाणा आणि भगर ठरलेली असते, साबुदाणा तर जवळपास नुसता स्टार्च. आणि आषाढीला आप्पा आळंदीहून पायी जातात, ते काही सोडणार नाहीत. तेव्हा हा आहार चालू ठेवावा का? ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शेवगा

रानजाई, माझ्या सासूबाई माळकरी आहेत, वय ७०. आमच्याकडे बसलेली पद्धत सांगते. भाकरीची संख्या कमी करायला गेलो की ताट रिकामं वाटतं आणि कुरबुर होते, म्हणून आम्ही भाकरीच लहान केली. ४० ग्रॅम पिठाची, पातळ थापलेली, एका वेळी एकच. उरलेली जागा भाजीने भरायची: मेथी, तांदुळजा, चाकवत, दोडका, गवार, जे दारात असेल ते. तेलाला किंवा दाण्याच्या कुटाला हात आखडू नका, नाहीतर तासाभरात पुन्हा भूक लागते.

प्रथिनांसाठी उसळ किंवा घट्ट वरण रोज दोन्ही वेळा, सोबत दही. वरणातही कर्बोदकं असतात हे धरूनच चालायचं, तरी भातापेक्षा ते कितीतरी बरं. पनीर घरीच करतो. सोयाबीन भिजवून भाजलेले दुपारी मूठभर, १०० ग्रॅमला ३५ ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात आणि गावात स्वस्त पडतं. जवस आणि कारळ्याची चटणी रोज पानात.

एकादशीला साबुदाणा पूर्ण बंद केला. शेंगदाण्याची आमटी, काकडीची दाण्याचं कूट घालून कोशिंबीर, दही, दूध आणि राजगिऱ्याची एक लहान भाकरी. उपवास मोडत नाही आणि दुसऱ्या दिवशीची उपाशीपोटीची साखरही बिघडत नाही. आप्पांना आधी शेंगदाण्याची आमटी देऊन बघा, पुरुषमाणसांना ती हमखास आवडते.

निरगुडी

मी आहारतज्ज्ञ आहे. आधी गोळीचं बोलते, कारण धोका तिथे आहे. मेटफॉर्मिन एकट्याने साखर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, ताटात भाकरी असो वा नसो. म्हणून कर्बोदकं कमी करायच्या आधी डॉक्टरांना भेटून तिचा डोस कमी करायचा का ते ठरवून घ्या. मीटरवरचे आकडे वहीत लिहून न्या, नुसतं "कमी खातात" सांगितलं तर डॉक्टरांना अंदाज येत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं काही नाही ना तेही पाहा. त्या गोळ्यांवर असताना कर्बोदकं फारच तोडली किंवा कडक उपास केले तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं, आणि ते जिवावर बेततं.

दुसरं म्हणजे, तुम्हाला कीटो, म्हणजे कर्बोदकं जवळपास बंदच करणारा आहार, करायची गरज नाही. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीच्या आकड्यांवरून २०२२ मध्ये मांडलेलं गणित असं आहे: आपल्याकडे निम्म्याहून बरीच जास्त, साधारण ६० ते ७५ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. ती ५०-५५ टक्क्यांच्या आसपास आणली आणि प्रथिनं २० टक्क्यांच्या जवळ नेली तरी मधुमेहात मोठा फरक पडू शकतो. शेवगा यांनी सांगितलेलं ताट जवळपास तिथेच जातं. न्याहारी मात्र बंद करू नका, मुगाचं धिरडं द्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे तर बी १२ एकदा तपासून घ्या, शाकाहारी माणसात ते कमी असण्याची शक्यता जास्त.

रानजाई

दोघींचे मनापासून आभार. आईला फोनवर वाचून दाखवलं. धिरडं आणि शेंगदाण्याची आमटी तिला लगेच पटली. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आकडे लिहायला वही केली. पाकिटावर ग्लिफ्लोझिनवालं काही नाही, आत्ताच आईकडून तपासून घेतलं. वारीचं मात्र अजून कुणी बोललं नाही.

दिवेघाट

ताई, मी माउलींच्या पालखीत चालतो, मलाही शुगर आहे. वारीच्या दिवसांत कर्बोदकं तोडायच्या भानगडीत पडू नका. चालण्यानेच साखर खाली येते, त्यात जेवणाचं टायमिंग आपल्या हातात नसतं. पुणे ते सासवड हा तीसेक किलोमीटरचा टप्पा, त्यात घाट, आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी असते. त्या दिवसाच्या गोळीचं डॉक्टरांना वेगळं विचारा, "वारीत काय करू" असं मोघम नको. खिशात साखरेच्या पुड्या आणि गळ्यात आजार व गोळ्या लिहिलेलं कार्ड हवंच. शेजारी चालणाऱ्याला घाम-थरथर म्हणजे काय ते सांगून ठेवा, बोलणं अडखळलं की माणसाला स्वतः सांगता येत नाही. मुक्कामाला रोज तळपाय बघायचे, फोड आला तरी मधुमेहात कळत नाही. आप्पा कुठल्या दिंडीत असतात? व्यक्तिगत निरोपात कळवा, जवळ असलो तर लक्ष ठेवीन.