जपानी संस्कृतीसाठी जाताय ना? मग फुजी चढू नका

घाटवाटाप्रेमी
ओळखीतलं कोणी ना कोणी जपानला निघालेलं असतं आणि प्रश्न ठरलेला, आम्हाला देवळं, जुनी गावं असलं बघायचंय, थोडं चालायचंय पण, तर फुजी करावा का? माझं स्पष्ट मत, नका करू. मी केलाय म्हणून सांगतोय. पाचव्या स्टेशनपर्यंत (स्टेशन म्हणजे चढाचे टप्पे, रेल्वेचं नव्हे), म्हणजे साधारण २३०० मीटरपर्यंत, बस नेऊन सोडते, तिथून रात्रभर डोक्याला टॉर्च लावून पुढच्याच्या बुटांकडे बघत रांगेत चढायचं, झाड औषधालाही नाही, नुसती काळी-लाल खडी, आणि ३७७६ मीटरवर पोचून बघतो तर सूर्य ढगात. सिंहगडाला रविवारी सकाळी जशी गर्दी तशी, फक्त भजी नाहीत.

पुढच्या खेपेला कुमानो कोदो या जुन्या यात्रेच्या वाटांपैकी नाकाहेची वाट चाललो, ताकिजिरीपासून होंगूच्या देवळापर्यंत, जवळजवळ ४० किमी, दोन दिवस. शेवाळलेल्या दगडी पायऱ्या, मधेमधे 'ओजी' नावाची छोटी छोटी देवस्थानं, तिथे वहीत शिक्का मारून घ्यायचा. हजार वर्षांपूर्वीपासून क्योतोहून निवृत्त सम्राट इथे यायचे, गो-शिराकावा तर तिसाहून जास्त वेळा आला. होंगूच्या अलीकडे फुशिओगामी म्हणून जागा आहे, नावाचा अर्थच लोटांगण घालून नमस्कार, कारण यात्रेकरूंना देऊळ पहिल्यांदा तिथून दिसायचं. मला एकदम वेळापूरचा धावा आठवला, खोटं नाही सांगत, अंगावर काटा आला. याला म्हणायचं संस्कृती.

कातळकडा
राग मानू नका पण तुम्ही फुजी चढलाच नाहीत, अर्धा चढलात, तोही चुकीचा अर्धा. युनेस्कोने २०१३ मध्ये फुजीला यादीत घेतलं ते निसर्ग म्हणून नाही, सांस्कृतिक वारसा म्हणून. आठव्या स्टेशनच्या वरचा जवळपास सगळा डोंगर आजही सेंगेन देवस्थानाच्या, म्हणजे फुजीच्या देवीच्या देवळाच्या, मालकीचा आहे, कोर्टात भांडून मिळवलाय त्यांनी. एदो काळात, म्हणजे शोगुनांच्या राज्यात, फुजी-को म्हणून भक्तांची मंडळं असायची, सगळ्यांनी वर्गणी काढायची आणि त्या वर्षी ज्यांचा नंबर लागेल त्यांनी सगळ्यांच्या वतीने चढून यायचं. पांढरे कपडे, हातात काठी, तोंडाने 'रोक्कोन शोजो', म्हणजे सहाही इंद्रियं शुद्ध होवोत. बायकांना तर १८७२ पर्यंत वर बंदीच होती. आता ही संस्कृती नाही तर काय?

आणि झाड औषधालाही नाही म्हणता, कारण झाडांचा भाग तुम्ही बसमधून बघितलात! पायथ्याच्या योशिदा गावातल्या सेंगेन देवळाच्या मागून पायी निघा, जुन्या चहाच्या टपऱ्यांच्या खुणा लागतात, मग उमागाएशी, म्हणजे 'घोडं परत फिरवा', इथून पुढे देवाचा डोंगर म्हणून घोडी थांबायची. तासन् तास जंगलात माणूस दिसत नाही. १९६४ ला वरपर्यंत गाडीरस्ता झाला आणि ती वाट ओस पडली. दोष बसचा, शिव्या डोंगराला.

उगाच_एक_शंका
दोघेही भावुक झालात. कुमानोचं ते 'प्राचीन' जंगल म्हणताय ना, त्यातली बरीचशी सुगी आणि हिनोकीची झाडं युद्धानंतर लाकडासाठी रांगेत लावलेली आहेत. होंगूचं देऊळ पण मूळ जागेवर नाही, १८८९ च्या पुरात वाहून गेलं, मग वाचलेला भाग वर टेकडीवर हलवला, आणि जुन्या जागेवरची ती ३४ मीटरची अवाढव्य तोरी, म्हणजे देवळाची कमान, २००० सालची, स्टीलची. शिवाय तुमची बॅग गाडीतून पुढच्या मुक्कामी पोचणार, पाट्या इंग्रजीत, संध्याकाळी गरम पाण्याचं कुंड. वारीत बॅगा स्वतः उचलाव्या लागतात हो. नाकासेंदो या क्योतो-एदो (आताचं तोक्यो) जुन्या रस्त्याचंही तेच, त्यावरच्या त्सुमागो गावात विजेच्या तारासुद्धा लपवल्यात, सेट लावल्यासारखं गाव.

घाटवाटाप्रेमी
@शंका, झाडांचं मान्य, मला वाचूनच कळलं नंतर, चालताना नाही कळलं (आणि कळलं असतं तरी तेवढंच आवडलं असतं). पण वारीत बॅगा उचलाव्या लागतात हे कोणी सांगितलं, दिंडीचे ट्रक काय रिकामे जातात का? 😄

त्सुमागोवर मात्र भांडणार. ते गाव ओस पडत चाललेलं, रेल्वे दुसरीकडून गेली म्हणून. लोकांनी १९७१ ला बसून ठरवलं, घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. आपल्याकडे किती वाड्यांबद्दल असं ठरलं सांगा. त्याच रस्त्यावरच्या मागोमे गावापासून त्सुमागो ८ किमी, खिंड ८०० मीटरच्या आसपास, वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगल्यात त्या वाजवत जायचं, मधे एका जुन्या घरात फुकट चहा देतात. सेट म्हणा नाहीतर काही म्हणा, तो चहा खरा होता.

निशिकासाईकर
फुजीवाल्यांसाठी कामाचं सांगतो, नाहीतर परत कोणीतरी फाटकावर अडकेल. सीझन फक्त जुलै ते सप्टेंबरचे पहिले दहा दिवस. २०२५ पासून चारही वाटांना ४००० येन, आणि वर मुक्कामाचं बुकिंग नसेल तर दुपारी २ ते पहाटे ३ आत सोडत नाहीत, म्हणजे ते रात्रीत चढून सकाळी खाली हे प्रकरण बंद. माझ्या ऑफिसातले जपानी लोकच म्हणतात, फुजी एकदा न चढणारा वेडा, दुसऱ्यांदा चढणारा पण वेडा. मी अजून पहिल्या प्रकारचा वेडा आहे.

गुडघेदुखी_काकू
अरे बाळांनो, छान चाललंय तुमचं, पण मी ६२ वर्षांची, शाकाहारी, डावा गुडघा कुरकुरतो, लेकीकडे तोक्योला तीन आठवडे चाललेय. मला ना तुमचा फुजी ना ते ४० किमी. मी काय बघायचं?

निशिकासाईकर
काकू, ताकाओ डोंगर. ५९९ मीटर, शिंजुकूहून तासाभरात ट्रेन, अर्ध्यापर्यंत केबल कार. वर याकुओइन देवळात 'गोमा' चालतो, नाव ऐकून चमकू नका, आपलाच होम. लेकीला सुट्टी असेल तर कोयासानला, डोंगरावरच्या बौद्ध मठांच्या गावी, एक रात्र मठात राहा, जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही (एरवी सावध राहा, साध्या सूपमध्येपण माशाचं पाणी असतं). तिथे ओकुनोइन या जुन्या दफनभूमीत दोन किमी सपाट वाट, दोन्हीकडे जुनी थडगी आणि उंचच उंच सुगी, ही मात्र खरोखर शेकडो वर्षांची, @शंका नोंद घ्यावी. थडग्यांमागच्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् अक्षरं असतात, संस्कृतसाठीची जुनी लिपी, आपल्या देवनागरीची चुलत बहीण, हळूहळू एखादं ओळखू यायला लागतं.

कातळकडा
आणि काकू, फुजीपण होईल तुमचा! ज्यांना जमायचं नाही, म्हणजे बायका, म्हातारी माणसं, त्यांच्यासाठी त्या फुजी-को मंडळांनी शहरात छोटे फुजी रचून ठेवलेत, फुजीझुका म्हणतात. तोक्योतच सेंदागायाला हातोमोरी हाचिमान देवळात १७८९ चा आहे, मूळ फुजीचा लाव्हाचा दगड वर आणून लावलाय. उंची घरापेक्षा जास्त नसेल, पाच मिनिटांत माथा.

घाटवाटाप्रेमी
हे मला माहीतच नव्हतं, आणि मी सेंदागायाला दोन दिवस राहिलोय 🤦 बरं, उमागाएशीपासून पाचव्या स्टेशनपर्यंत किती वेळ लागतो? नुसतं विचारतोय, मत बदललेलं नाही.

कातळकडा
तीन तास धरा. बसने जायचं नाही मात्र.

गुडघेदुखी_काकू
पाच मिनिटं म्हणजे तुमची पाच की माझी पाच? कठडा आहे का धरायला?