पिंजरा दिसतो, नांगर दिसत नाही

‘समुद्रविषयक करारात मत्स्यशेतीचं नावच नाही, म्हणजे किनाऱ्यापासून लांब मासे वाढवायचे पिंजरे टाकणाऱ्याला विचारणारं कोणी नाही’ हा या चर्चेत मांडलेला मुद्दा अर्धाच पटतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या त्या सागरी कायद्याच्या करारात तो शब्द नाही, पण कलम ५६ आणि ६० नुसार २०० सागरी मैलांपर्यंत अशी उभारणी करू द्यायची की नाही, हे किनारी देशच ठरवतो. पूर्वसूचना, धोक्याच्या खुणा, वापर संपल्यावर सांगाडा काढणं हेही कलम ६० मध्येच येतं. परक्या प्रजातींचा शिरकाव रोखण्यासाठी कलम १९६ आहे. एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची, १९९५ ची जबाबदार मासेमारीची आचारसंहिता मात्र ऐच्छिक. तिच्यावर भिस्त ठेवू नये.

खरी अडचण सुरक्षा क्षेत्राची, म्हणजे उभारणीभोवती इतर जहाजांनी पाळायच्या राखीव पट्ट्याची आहे, आणि तिच्याकडे इथे कुणी वळलेलं नाही. ते सहसा जास्तीत जास्त ५०० मीटर, उभारणीच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचं. पण कड कोणती? १५० मीटर खोलीत पिंजरा नांगराला बांधणारा दोर खोलीच्या चौपट म्हणजे ६०० मीटर धरला, तर नांगर पिंजऱ्यापासून आडव्या अंतरात साधारण ५८० मीटरवर जातो. पिंजऱ्याच्या कड्यापासून मोजलं तर नांगर क्षेत्राच्या बाहेर! तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलजाळ्याला सुरक्षा क्षेत्राचा नियम तिथे अडवत नाही. एक नांगर सरकला की भार शेजारच्या दोरांवर येतो, पिंजरे धरून ठेवणारी दोरांची चौकट तिरकी होते, जाळं घासून फाटतं आणि मासे निसटतात. म्हणून परवान्यात प्रत्येक नांगराचे अक्षांश-रेखांश हवेत, ते सागरी नकाशावर चढवलेले हवेत, आणि सांगाडा काढण्याच्या खर्चाची अनामत पहिला पिंजरा पाण्यात जाण्याआधीच घेतलेली हवी.