'गृह आधार'च्या नावाने 'एकरकमी ५० हजार': खरे की फसवणूक?

डिचोलीकर: आमच्या वाड्यावरच्या बचतगटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोवा सरकारच्या 'गृह आधार' या महिलांसाठीच्या योजनेच्या नावाने फेसबुकची एक जाहिरात फिरते आहे. सरकारी बोधचिन्ह, खाली 'गृह आधार लाभार्थींना एकरकमी ५० हजार, नोंदणी शुल्क ९९९'. दोघींनी फॉर्म भरून पैसेही पाठवले. आता त्यांना एक एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये ॲप टाकणारी) घ्यायला सांगताहेत. काय करावे?

खांडेपार: फसवणूकच आहे. आधी त्या दोघींचे बघा. आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर (व्यवहार ओळख) क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. पैसे काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात सरकवले जातात, त्याआधी तक्रार पोचली तरच ते गोठवता येतात. '९९९ साठी कोण तक्रार करणार' असे म्हणू नका, रक्कम त्यासाठीच लहान ठेवलेली असते. पुढे 'जीएसटी', 'फाइल चार्ज' म्हणून आकडा वाढत जातो.

एपीके घेतली नसेल तर घेऊच नका. घेतली असेल तर डेटा आणि वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय व नेटबँकिंग थांबवा. असे ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेते आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवते. ते काढता येत नसेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन या, ॲपला फोनचा ताबा देणाऱ्या, दोन्ही परवानग्या आधी बंद करा. तरीही शंका उरली तर फॅक्टरी रिसेट, म्हणजे फोनमधले सगळे पुसून टाकणे. त्यांनी कॉल फॉरवर्डिंग लावून तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले असतील तर ##००२# डायल केल्यावर रद्द होते.

बँकेकडून तक्रार क्रमांक घ्याच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला असेल तर कळवण्यापर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून वेळेची नोंद हवी.

शिरोडकर ताई: बायकांना एवढेच दाखवा: गृह आधार महिला व बाल विकास संचालनालयाची योजना, महिन्याला १५०० रुपये, थेट बँक खात्यात. पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. आणि पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव येते ते वाचा. सरकारी शुल्क म्हणतात आणि नाव कुणा खासगी माणसाचे, तर तिथेच थांबायचे. फेसबुक पेजच्या माहितीत 'पेज पारदर्शकता' उघडली की पेज कधी सुरू झाले, आधी त्याचे नाव काय होते, ते दिसते. खालच्या 'मला मिळाले' या कमेंट्सवर विसंबू नका.

डिचोलीकर: एकीला फोन आला, 'सायबर सेलमधून बोलतो, २००० भरा, पैसे परत मिळवून देतो'.

खांडेपार: तीच टोळी, नाहीतर तिच्याकडून नंबर विकत घेतलेली दुसरी. पोलीस तक्रारीचे पैसे घेत नाहीत. रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात स्वतः जा, हा नंबरही तक्रारीत घाला. आधारची प्रत पाठवली असेल तर आधारच्या अधिकृत ॲपवर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.