जुन्या टी-शर्टांची गोधडी: चौकोन ताणले जातात, काय करावं?

नेरूळकर
मॅरेथॉन, कॉलेज आणि गणपती मंडळाचे मिळून १४ टी-शर्ट आहेत. त्यांतल्या सहांवर मागेही छपाई आहे. १५ इंची चौकोन कापून दोन जोडून पाहिले, तर शिवणीला लाटा आल्या आणि एक तुकडा पाऊण इंच लांब भरला. मशीन साधं, सरळ टाक्याचं आहे. आत काय घालावं? नवी मुंबईच्या दमट हवेत कापूस नको वाटतो.

सुईदोरा
होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं विणलेलं कापड, आडवी जास्त ताणते. त्यात मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा मागे राहतो, म्हणून लाटा येतात. क्रम उलटा करा: आधी पेस्टिंग (इस्त्रीने मागे चिकटणारं आधाराचं कापड), मग कापणी.

टी-शर्ट धुऊन घ्या. सॉफ्टनर नको, नाहीतर पेस्टिंग नीट चिकटत नाही. छपाईचा भाग १७ इंची ढोबळ कापा आणि उलट्या बाजूने इस्त्रीचं पातळ पेस्टिंग लावा. ब्लाउजच्या गळ्याचं बकरम अजिबात नको, गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. इस्त्री फिरवायची नाही. एका जागी १०-१२ सेकंद दाबायची, उचलून पुढे ठेवायची. पॉलिस्टरच्या मॅरेथॉन टी-शर्टांना आच कमी. छपाईवर थेट इस्त्री लागली तर ती वितळते, म्हणून खाली बटर पेपर अंथरा. तुकडा पूर्ण गार झाला की मगच मोजून १५ इंच कापा.

हिशोब असा: पुढच्या १४ आणि मागच्या ६ मिळून २० चौकोन, आडवे ४, उभे ५. दोन्हीकडे अर्धा इंच माया (शिवणीत जाणारी कड) गेली की प्रत्येक चौकोन १४ इंच उरतो, म्हणजे गोधडी ५६ बाय ७०. ३६ इंच पन्ह्याच्या पेस्टिंगमध्ये एका ओळीत दोनच तुकडे बसतात, म्हणून साडेचार मीटर घ्या.

सुई १४ नंबरची बॉलपॉइंट (गोलसर टोकाची), धागा पॉलिस्टरचा. साध्या टोकदार सुईने टाके सुटतात आणि धागे तुटून भोकं पडतात.

नेरूळकर
आभार! दोन टी-शर्ट लहान मुलांचे आहेत, १५ इंच निघत नाहीत.

सुईदोरा
छपाईभोवती ९ इंची चौकोन कापा आणि चारही बाजूंना ४ इंच रुंद सुती पट्टी जोडा. अर्धा इंच माया धरली की बरोबर १५ होतात.

नौपाडा
आतल्या थराबद्दल: आपल्याकडे जुनी सुती साडीच उत्तम. मोकळा कापूस टाके जवळजवळ नसतील तर धुतल्यावर गोळा होतो, आणि पावसाळ्यात वाळतही नाही. टी-शर्ट आणि पेस्टिंग मुळातच जड, त्यामुळे मध्ये साडीचा एकच थर पुरे.

अस्तरालाही साडीच. साडेपाच मीटरच्या साडीतून दोन-दोन मीटरचे दोन तुकडे काठाकाठाने जोडा. चारही बाजूंना थोडं जास्त उरेल, ते उरू द्या. राहिलेल्या दीड मीटरात अडीच इंची सात पट्ट्या काढल्या की गोट (कडेला फिरणारी पट्टी) होतो. कडा सरळ आहेत, उरेब (तिरपी कापलेली पट्टी) लागत नाही.

थर जमिनीवर अंथरताना अस्तर चिकटपट्टीने सरळ बसवा, पण ताणू नका. ताणलेलं अस्तर नंतर आक्रसतं आणि वर चुण्या पडतात. दर चार-पाच इंचांवर सेफ्टीपिन, मध्यापासून कडांकडे. हाताने धावदोरा घालायचा विचार असेल तर पेस्टिंगमधून सुई ओढून बोटं दुखतात. मशीनने चौकोनांच्या जोडावरूनच शिवा, आणि प्रत्येक चौकोनात छपाई टाळून चार गाठी मारा. मोठ्या रबरी छपाईवर मशीनचा पाय चिकटतो, तिथे टाका नकोच.