‘शोमनशिप’ला मराठीत काय म्हणाल? (संदर्भ : स्विंगच्या काळातले बिग बँड)

उंबरठा :
दिवाळी अंकासाठी १९३० च्या दशकातल्या अमेरिकन बिग बँडांवरचा, म्हणजे ‘स्विंग’ हा नाचाचा जॅझ वाजवणाऱ्या पंधराएक जणांच्या जथ्यांवरचा, एक लेख मराठीत करतेय. एका वाक्यात गाडी अडलीय. जिमी लन्सफर्डच्या बँडची शोमनशिप संगीतापासून वेगळी काढता येत नाही, असं लेखक म्हणतो. ‘दिखाऊपणा’ लिहिलं आणि खोडलं, ती शिवी झाली. ‘सादरीकरण’ म्हटलं की प्रोजेक्टर आठवतो. ‘दिमाख’ जवळ येतो, पण दिमाख नुसतं उभं राहूनही दाखवता येतो. ही मंडळी तर ट्रम्पेटं हवेत उडवून झेलायची आणि पुढच्या ठोक्याला सगळी एकदम वाजवायला तयार. समोर लन्सफर्ड पांढरी छडी घेऊन. मूळचा मेम्फिसच्या शाळेतला मास्तर, बँडही तिथल्याच पोरांना घेऊन उभा केलेला. एकच शब्द हवाय. कंसात इंग्रजी देणार नाही.

शुद्धमती :
‘रंगकौशल्य’. प्रश्न मिटला.

तिरपागडे :
रंगकौशल्य वाचून मला आमचा पेंटर आठवला. ‘ठसका’ घ्या हो ताई.

बेसूर :
ठसका घेतला तर पाणीही द्यावं लागेल. शिवाय ठसका एकटीचा असतो, लावणीतल्या बाईचा. पंधरा जणांनी एका वेळी ठसका कसा मारायचा?

खर्ज :
शब्दाच्या आधी ती टोप्यांची भानगड बघा. ग्लेन मिलरच्या बँडचे ट्रोम्बोनवाले ओळीने टोप्या हलवताना फिल्ममध्ये दिसतात. बघणाऱ्याला वाटतं गंमत चाललीय. ती टोपी म्हणजे म्यूट, आवाज दाबायचं झाकण. वाद्याच्या तोंडावर धरली की आवाज दबतो, बाजूला नेली की उघडतो, म्हणून तो ‘वा-वा’ असा ऐकू येतो. चौघांनी एकाच क्षणी हलवली तरच तो आवाज एकसंध लागतो. म्हणजे डोळ्याला जो नखरा दिसतो तो कानासाठी केलेला असतो. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये ट्रम्पेटवाला बबर मायली आणि ट्रोम्बोनवाला ट्रिकी सॅम नॅन्टन तर प्लंबरचं रबर वापरायचे, तुंबलेलं बेसिन मोकळं करतात ते. त्यातून गुरगुरणारा, जवळजवळ बोलणारा आवाज काढायचे.
तेव्हा दिमाख, ठसका, रंगकौशल्य सगळे बाद. हे डोळ्यांचे शब्द आहेत. इथे कानही हवा.

शुद्धमती :
मग ‘दृक्‌श्राव्य कौशल्य’.

तिरपागडे :
🙏 आकाशवाणीची जाहिरात निघाली वाटतं.

सोमवारची भेळ :
अवांतर : ‘बिग बँड’चं काय केलंत? ‘मोठा बँड’ म्हटलं की लग्नातला, घोड्यापुढचा. आणि बँडलीडरला ‘बँडमास्तर’ म्हणणार का? शब्द अस्सल आहे, पण बेनी गुडमन बँडमास्तर म्हटल्यावर खांद्यावर सोनेरी झुपके दिसायला लागतात.

शुद्धमती :
‘बृहद्‌वाद्यवृंद’.

बेसूर :
हा शब्द म्हणेपर्यंत गाणं संपेल. तीन मिनिटांची रेकॉर्ड असायची ती.

बोरीबंदर :
‘ताफा’ का नको? कलावंतिणीचा ताफा असायचा, त्यात साजिंदे आलेच. वाजवणाऱ्यांचा जथा, शिवाय थोडा थाट. मला तर हाच शब्द नेमका वाटतो.

सोमवारची भेळ :
आज ताफा फक्त मंत्र्यांच्या गाड्यांचा उरलाय. ‘काउंट बेसींचा ताफा कॅन्सस सिटीहून निघाला’ म्हटलं तर लोक रस्ता बंद आहे का विचारतील.

शुद्धमती :
शिवाय ताफा अरबीतून आलाय.

बेसूर :
आणि ‘शिवाय’ कुठून आलाय, बघा एकदा कोशात.

खर्ज :
बँड बँडच राहू द्या. मराठीत येऊन शंभर वर्षं तरी झाली असतील त्याला. उलट आतल्या रचनेला आपल्याकडे चांगले शब्द आहेत. सॅक्सोफोन चार-पाच, ट्रम्पेट तीन-चार, ट्रोम्बोन दोन-तीन, वर पियानो, गिटार, बास, ड्रम. पितळी वाद्यं एक तुकडा फेकतात, सॅक्सोफोन उत्तर देतात. याला ‘सवाल-जवाब’ बिनदिक्कत लिहा. बँडलीडर कॅब कॅलोवे पांढऱ्या टेलकोटात ‘हाय-डी-हो’ म्हणायचा आणि सगळा हॉल ते परत म्हणायचा, तोही सवाल-जवाबच. याच कॅलोवेने १९३८ साली हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीच्या, बोलीतल्या शब्दांची पुस्तिका काढली होती. आपल्या धाग्यावरच्या कुणापेक्षाही मोठा कोशकार.

कुडाळचा पाव्हणा :
हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये बँडांच्या दोन बैठका होत्या, एक थांबला की दुसरा सुरू. ११ मे १९३७ ला चिक वेब आणि गुडमन समोरासमोर आले आणि वेबने गुडमनला धुतलं. याला आमच्याकडे भजनात डबलबारी म्हणतात. दोन बुवा, दोन पखवाज, रात्रभर. शब्द घ्या, पैसे नकोत.

उंबरठा :
डबलबारी घेतला! पण शोमनशिप?

रेडिओवाला :
मुळात शोमनशिपला एवढा भाव का? गुडमन चष्मेवाला, अंगाने ताठ, बँडमध्ये कुणी चुकलं तर नुसता रोखून बघायचा. त्याचं नाव रेडिओने केलं. न्यूयॉर्कहून रात्री उशिरा त्याचा कार्यक्रम लागायचा, पण तेव्हा कॅलिफोर्नियात तीन तास आधीची वेळ, तरुण पोरं जागी. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये त्याच पोरांनी डोक्यावर घेतला त्याला. त्यांनी आधी त्याला पाहिला नव्हता, ऐकला होता.

खर्ज :
त्याच्या मागे ड्रमवर जीन क्रुपा होता, केस कपाळावर, घामाने निथळत. जानेवारी १९३८ ला कार्नेगी हॉलमध्ये लोक काय फक्त गुडमनच्या क्लॅरिनेटकडे बघत होते? मालक ताठ राहू शकत होता, कारण तमाशा करायला माणूस ठेवलेला होता.

शुद्धमती :
‘तमाशा’ शब्द इथे हीन अर्थाने वापरू नये.

खर्ज :
मी चांगल्याच अर्थाने वापरलाय, बाई.

बोरीबंदर :
आईचे मामा गोव्याचे, मुंबईत हॉटेलांतून सॅक्सोफोन वाजवायचे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, समोर ठेवलेला ‘पार्ट’ पहिल्या फटक्यात वाचायचे. गोव्याच्या पोरांना बँडांत मागणी होती ती याच वाचनामुळे. ते शोमनशिप म्हणत नसत, ‘स्टायल’ म्हणत. ‘त्याची स्टायल होती, पण फुंक नव्हती.’ ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटकडे दोन्ही होतं म्हणायचे. तोही गोव्याचाच. आपल्या सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’च्या संगीतामागेही तो होता.

तिरपागडे :
‘स्टायल’ +१. स्टायल मारणे हे शुद्ध मराठी आहे.

सोमवारची भेळ :
सगळे ‘स्विंग’ला हात न लावता पुढे गेलात. त्याचं भाषांतर ‘झुलवा’?

कुडाळचा पाव्हणा :
झुलवा जोगत्यांचा. यल्लमाशी बांधलेला शब्द हार्लेमला कशाला नेता?

खर्ज :
स्विंग स्विंगच. मात्रेचे तीन भाग करा, पहिले दोन जोडा, एक लांब एक आखूड. कागदावर एवढंच, आणि लय चढली की तेही सपाट होत जातं. बाकीचं बेसीच्या गिटारवाल्याला, फ्रेडी ग्रीनला विचारा. आयुष्यभर चार ठोके धरून बसला, सोलो जवळपास घेतलाच नाही. हलवायला टोपीही नव्हती त्याच्याकडे.

रेडिओवाला :
मग तुमचा टोपीचा सिद्धांत?

खर्ज :
तो पितळेपुरता. तारांचा मी बोललोच नव्हतो.

बेसूर :
‘तो’ स्विंग की ‘ते’ स्विंग?

तिरपागडे :
‘तो’. चेंडूला स्विंग मिळाला म्हणतो ना आपण.

शुद्धमती :
आणि ‘जॅझ’मधला झ झाडातला की झेंड्यातला, हे छापताना कसं दाखवणार?

उंबरठा :
अंक परवा छपाईला जातोय. तूर्त ‘थाट’ लिहून दिलंय.

खर्ज :
थाट? तुम्ही शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी लिहिताय ना? ते लगेच विचारतील, कोणता थाट, बिलावल की काफी?

शुद्धमती :
झ चं राहिलं. झाडातलाच. झेंड्यातला म्हणणारे हिंदी सिनेमा फार बघतात.

बेसूर :
झेंड्यातला मराठी नाही का?